तुडूम आणि तुडुंब

अर्जुनी मोरगावकडच्या एका जुन्या तलावाच्या दुरुस्तीवर मी कनिष्ठ अभियंता होतो. मूळचा साताऱ्याचा, तरी इथली झाडीबोली आपल्याला कळते, हा समज फक्त माझाच. पाळीखालून, म्हणजे तलावाच्या बांधाखालून, शेतात पाणी सोडायच्या तोंडाला इथे तुडूम म्हणतात. त्याचा नवा पाइप मीच बसवला होता.

भर पावसात दुपारी फोन आला. तलाव राखणारे म्हातारे, सगळा गाव त्यांना बाबाजी म्हणे, ओरडत होते, "साहेब, तुडूम गेला!"

मी ऐकलं, तुडुंब झाला. म्हटलं, "वा, अभिनंदन! फोटो पाठवा."

"फोटो कायले? पाळ जाऊन राहिली!"

पोहोचलो तेव्हा पाळीच्या पायथ्याशी, पाइपाच्या कडेने मनगटाएवढी धार उडत होती. रंग चहाचा. म्हणजे आतून माती निघाली होती, आणि खाली वस्ती.

पाइपाभोवती वीतवीत मातीचा थर देऊन धुमसाने ठोका, असं बाबाजींनी बजावलं होतं. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. माझ्या घराण्याने फार तर तांब्या भरला. तरी मी जेसीबीच्या बकेटने चार थापट्या मारून काम उरकलं होतं.

"घरं रिकामी करायची?" माझा आवाज बारीक निघाला.

"केली. तुमी काऊन थरथरून राहिले? उतरा पाण्यात. पाय ओढते तिथं भोक समजा."

मला पोहता येत नाही, हे सांगायचीही लाज वाटली. कमरेला दोर बांधून तलावाच्या बाजूने उतरलो. चौथ्या पावलाला चिखलाने पाय गुडघ्यापर्यंत गिळला आणि ओढू लागला.

"सापडलं! काढा मला!"

"हलू नोको!" बाबाजी थेट एकेरीवर आले. "तुज्या पायानंच भोक बुजला!"

मग माझ्याभोवती भाताच्या तणसाचे पेंढे, चिकणमातीची पोती, वर माणसं. मी डोळे मिटून देवांची नावं घेत होतो. दोन देव दोनदा घेतले. पाळीच्या पायथ्याकडून कुणी ओरडलं, "धार नितळ होऊन राहिली!" तेव्हा चौघांनी मला उपटलं. बूट आतच राहिला.

"राहू दे," बाबाजी म्हणाले. "तुज्या कामात तेवढाच घट्ट बसला."

सगळे हसले. मला हसू येईना. गाठोडं घेतलेली एक बाई समोर आली. "आता घरी जाऊ का, साहेब?"

मी धारेकडे पाहिलं. नितळ होती. पुन्हा पाहिलं.

"आज नको, बाई," मी म्हणालो.