ऊना मॅकफी आणि चार किलोमीटर पाणी

ऊना मॅकफी बासष्टची झाली, पण तिच्या मुठीला वय शिवलं नव्हतं. बंदरावरचे दोन दलाल, पाद्र्याचा मारका मेंढा आणि होता तोवर नवरा, सगळ्यांनी तिचा प्रसाद खाल्लेला. नंतर सूप मात्र ती स्वतःच्या हातानं पाजायची.

स्कॉटलंडच्या त्या टोकाला तिचं सात घरांचं गाव. तिथवर इंटरनेटची तार आणणं कुठल्याच कंपनीला परवडेना. मग ऊनानंच खाडीपलीकडे, जिथवर तार पोचली होती, तिथे दिराच्या छपरावर एक डिश ठोकली, अलीकडे आपल्या छपरावर दुसरी. मधे चार किलोमीटर पाणी. सिग्नल पोचला.

दर गुरुवारी अकराला डॉक्टर पडद्यावर येऊन तिच्या नव्वदीच्या आईच्या पायाची जखम बघायचा. पण एकाआड एक गुरुवारी ऐन अकराला सिग्नल मरायचा. आणखी एक भेट हुकली तर म्हातारीला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवू, असं नर्सनं बजावलं. म्हातारीनं नर्सला काठी फेकून मारली. घराणंच तसं.

ऊनाच्या एक गोष्ट ध्यानात आली. दीर टॉर्किल खडकांवर शिंपल्या वेचायला जाई, त्या गुरुवारी सिग्नल ठणठणीत. तो घरी बसला की मेलेला. म्हणजे मेला बटण बंद करतो! नवऱ्याच्या बोटीवरून जुना राग होताच.

पुढच्या खेपेला डॉक्टरचा चेहरा अर्धाच उमटून गोठला. ऊनानं साध्या फोनवरून त्याला तासभर थांबवलं, म्हातारीला शेजारणीकडे सोपवलं आणि इंजिनाच्या होडीत एक वल्हं टाकून खाडी ओलांडली.

टॉर्किल जेवणाची तयारी करत होता. पहिला फटका बरगडीत बसला. त्यानं पातेलं भिरकावलं. तिच्या कपाळाला खोक पडली. मग तिनं ठोसा घातला. नाक मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"वहिनी, झालंय काय तुम्हाला?"

"बटण लावा भावजी, नाहीतर दातही मोजून देते."

"कसलं बटण? मी हात लावला असेल तर हात तोडा."

तेही तिनं केलं असतं. पण त्याचे दोन्ही हात तिच्या गुडघ्यांखाली असताना भिंतीवरच्या डिशच्या पेटीतला लाल दिवा आपोआप हिरवा झाला.

टॉर्किलनं वीस वर्षं जहाजावर रेडिओ सांभाळला होता. रक्त थुंकत त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. पाणी उतरायला लागलं होतं. भरतीच्या एका ठरावीक उंचीला पाण्यावर आपटून उसळलेली सिग्नलची लाट सरळ येणाऱ्या लाटेला मारून टाकते, असं त्यानं सांगितलं; आणि एकाआड एक गुरुवारी अकराला भरतीच असते. जाळी भरती बघून टाकायची, शिंपल्या ओहोटी बघून वेचायच्या, लग्नाची तारीखसुद्धा वऱ्हाडाच्या होड्या लागतील अशी धरायची, आणि सिग्नलपुरतं दोघांनाही समुद्र आठवला नव्हता.

"हे आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे? थेट वल्हं."

तिनं त्याला उचलून होडीत घातला. बाराला डॉक्टरनं म्हातारीचा पाय पाहिला. जखम भरत होती. म्हातारी घरीच राहील, आणि यापुढची वेळ भरतीचं वेळापत्रक बघून ठरेल, असं तो म्हणाला. मग पडद्यासमोर टॉर्किल बसला.

"नाक कशानं मोडलं?" डॉक्टरनं विचारलं.

टॉर्किलनं वहिनीच्या मुठीकडे पाहिलं.

"भरतीनं," तो म्हणाला.