मी तिची रायटर

भांडुपला आमच्या शेजारी राहणारी मुलगी माझ्याहून एक वर्ष मोठी. बोलायला लागली की समोरच्याला गप्प करायची, पण पेपरात नापास. अक्षरं उलटसुलट, अर्ध्या ओळी गायब. नववीत नव्या बाईंनी तिला तेच प्रश्न तोंडी विचारले, तर हिने धडाधड उत्तरं दिली. बाईंनी तिच्या आईला बोलावून तपासणी करून घ्यायला सांगितलं.

तिची आई, म्हणजे आमच्या काकू, मालवणच्या. त्या तिथेच कडाडल्या, "माझा चेडू काय येडा नाय!"

"वेडी नाहीच आहे," बाई म्हणाल्या. "तिला लिहिता-वाचताना त्रास होतो, एवढंच."

तपासण्या झाल्या, सर्टिफिकेट मिळालं, आणि दहावीला तिला लेखनिक मंजूर झाला. तो खालच्या वर्गातला हवा. माझं अक्षर चांगलं, म्हणून काकूंनी मलाच धरलं.

मराठीच्या पेपराला आम्हा दोघींना वेगळी खोली. मी प्रश्न वाचायचा, तिने सांगायचं, मी लिहायचं. एका उत्तराला मी थबकले.

"असं नसतं गं," मी कुजबुजले.

"तू नववीत आहेस ना? मग लिही गप."

निबंध होता पुस्तकाचं मनोगत. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं, "मी पुस्तक. माझं एका मुलीशी कधीच पटलं नाही. ती मला उघडायची, माझी अक्षरं इकडेतिकडे पळायची आणि धपाटे तिला बसायचे. मला एकदाही कुणी ओरडलं नाही."

मला असं हसू फुटलं की पेन घसरलं. सुपरवायझर बाई तरातरा आल्या. "परीक्षा आहे की टाइमपास?" मग त्यांनी पेपरात डोकावलं, वाचलं आणि झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. ही मात्र गंभीर. "पुढे लिही ना, वेळ चाललाय!"

ती पास झाली, मराठीत तर झकास मार्क. काकू पेढे घेऊन आधी आमच्याकडे आल्या. "तुझ्या अक्षरान तारल्यान गो," म्हणाल्या. ती मागून ओरडली, "आई, डोकं माझं होतं!"

पुढच्या वर्षी माझी दहावी. निबंधाचा प्रश्न वाचला, पेन उचललं आणि कोणीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसले.