तांब्याभर पाण्याचा नवस

सोळा सोमवार निर्जळी करीन, पण ह्यांना शेक सोसू दे, असा नवस मी महादेवाला बोलले होते. ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. आम्ही त्याला शेकच म्हणायचो. पालीचं किराणा दुकान दिरांवर टाकून सात आठवडे दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. रोज तीच माणसं, तोच बाक. किस्से साठणारच की.

पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आधी लघवीला जाऊन यायचं, मग चार ग्लास पाणी प्यायचं आणि शेक होईपर्यंत धरून ठेवायचं. लघवीची पिशवी भरली की आतडी बाजूला सरकतात, नको तिथं शेक कमी लागतो. नाहीतर मागाहून लघवीला आग, शौचाला त्रास."

शिरूर कासारचे भिवामामा ह्यांच्याच दुखण्याचे, मेंढरं राखणारे. ते म्हणाले, "बाई, जल्मभर पाण्यामागं हिंडलो. आता पाणीच धरून बसू?"

बाकावर सगळे गुडघे आवळून बसत. कुणी विनोद केला की दुसरा विनवायचा, "हसवू नको बे."

कँटीनला नवा फ्रिज आला, तेव्हा मामा पाण्याऐवजी दोन बाटल्या थंडा पिऊन आले. शेकाच्या टेबलावर ढेकरावर ढेकर! "पोटात गॅस झाला की आतली जागा हलते, मामा," सिस्टर म्हणाल्या. मामा ओशाळले, "मेंढराला कदी थंडा पाजला न्हाई, मलाच दुर्बुद्धी झाली."

मग मामींनी सणाचं उटणं लावून त्यांना चांगलं घासून काढलं. शेकासाठी कमरेवर आखलेल्या जांभळ्या खुणा गेल्या, सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं. मामा म्हणाले, "मेंढरावरची खूण हिनं कदी पुसली न्हाई. नवऱ्याचीच पुसली!"

पण खरा किस्सा आमचाच. तिसऱ्या सोमवारी ह्यांना टेबलावरून परत पाठवलं. पिशवी रिकामी. दोन आठवड्यांपासून सोमवारीच असं कमी भरत होतं. सिस्टरनी खोदून विचारलं, तेव्हा हे खाली मान घालून म्हणाले, "ही माझ्यापायी दिवसभर कोरडी राहते. हिच्यासमोर मी कसा पिऊ?"

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "ताई, उपास देवाला पोचतो. शेकाला पाणीच लागतं."

मी तिथंच हात जोडले, नवस बदलून घेतला: सोमवार करीन, पण पाणी ह्यांच्याबरोबर पिईन. तांब्या आणला, पहिला घोट मी घेतला. मग ह्यांनी उरलेला तांब्या रिकामा केला.

तुमच्या घरी कुणाचा असा शेक सुरू असेल, तर बाई, एवढा एक नवस तुम्हीही बोला.