अर्ध्या तासावरचं माहेर

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा कधी रस्ता विचारणार नाही.

आमच्या लेकीचं, मनूचं, पुण्याच्या एका मुलाशी जमत आलं होतं. मुलगा चांगला, मनूलाही मनापासून आवडलेला. पण त्याच्या आईचं एकच पालुपद: रायपूर फार लांब. सुनेचं माहेर इतकं लांब, तर अडीअडचणीला धावणार कोण? एवढं चांगलं स्थळ काय किलोमीटरपायी घालवायचं?

त्यात मी मंत्रालयातला माणूस. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून आम्हाला कोणी लांब म्हटलं की झोंबतं. बसलो कंप्युटरवर आणि काढलं दोन विमानतळांमधलं अंतर. नागपूर ते रायपूर पावणेतीनशे किलोमीटर, उड्डाण अर्धा तास. लगेच मुलाच्या आईला फोन लावला. म्हटलं, लांब कुठलं ताई, नागपूरपासून अर्ध्या तासावर तर आहोत. बाई खूश झाल्या. शनिवारी अकराला विमानाने उतरतो, घर बघून घेतो म्हणाल्या.

शनिवारी अकराच्या ठोक्याला फोन. आम्ही उतरलो, तुम्ही कुठे? मी अजून सदर बाजारात, दुचाक्यांच्या गर्दीत अडकलेलो. घाईघाईत म्हणालो, "येऊन राहिलो ताई, येऊनच राहिलो."

आता आमच्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे. पुण्यात त्याचा अर्थ काय? आलो, आणि राहिलोसुद्धा! बाई बिचाऱ्या मला तिथे शोधायला लागल्या.

धापा टाकत विमानतळावर पोचलो. पुन्हा फोन.

"आम्ही बाहेर खांबापाशी उभे आहोत."

"मी पण खांबापाशीच आहे, ताई."

"मग हात वर करा बघू."

केला. दारावरचा शिपाई माझ्याकडे संशयाने बघायला लागला. हार दुसऱ्या हातात, घाम कपाळावर. बाईंचा आवाज एकदम बदलला. "हे बघा, मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा. थट्टा कशाला?"

कसंबसं विचारलं, समोर काय दिसतंय?

"संत्रा बर्फीचं दुकान."

वर केलेला हात तसाच राहिला. अहो, ते नागपूर होतं! रायपूर तिथून जवळच म्हणून त्यांनी नागपूरचंच तिकीट काढलं होतं. पुढे अर्धाच तास ना! आणि तिथला टॅक्सीवाला सहा तास म्हणत होता. मी पुटपुटलो, अर्धा तास हवेतून. मग पुढचं विमान कितीला, त्यांनी विचारलं. मी खिडकीवर चौकशी केली. थेट विमान नव्हतंच. दिल्लीवरून फिरून या, एवढंच सुचवण्यासारखं होतं, आणि मूर्खासारखं मी ते सुचवलं. फोन बंद झाला.

घरी आलो तर बायको म्हणाली, "मले काहून नाही विचारलं?" आणि मनू? सकाळपासून साडी नेसून बसली होती पोरगी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सहाला दारात टॅक्सी थांबली. बाई गुडघे धरत उतरल्या, माझ्याकडे न बघता आत येऊन बसल्या आणि थेट मनूला विचारलं, "तू सांग, इथून पुणं किती लांब?"

मी मागून डोळ्यांनी खाणाखुणा केल्या. मनू एरवी आमच्याशी हिंदीतच बोलते, पण तेव्हा स्वच्छ मराठीत म्हणाली, "खूप लांब आहे, काकू. रेल्वेने जवळजवळ अख्खा दिवस जातो."

संपलं, म्हटलं. मी डोळेच मिटून घेतले.

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. वडिलांवर गेलेली नाही."