घाटातला आवाज

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत शेजारच्या म्हाताऱ्या काकांइतकं मोठ्यानं कोणी बोलत नाही. सारं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे शेजाऱ्यांकडे मीठ मागायचं तरी भांडण पेटल्यासारखं मागतात. चैत्रात आम्ही सप्तशृंगीच्या गडाला पायी निघायचो, तेव्हा झेंड्याच्या आधी त्यांची हाक पुढे जायची. मला वैताग यायचा. पण सापुताऱ्याचा घाट सुरू झाला की कानातले लूम बंद पडल्यासारखा त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. मग झाडांकडे बघत, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं ते बोलायचे. तो आवाज ऐकायला मी मुद्दाम त्यांच्या बाजूनं चालायचो.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. आम्ही निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी काठी टेकून सगळ्यांवर अहिराणीत खेकसत होते, "पानी पेत जा रे!"

घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर मी त्यांना फोन लावला. पलीकडे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. सवयीनं मी फोन कानापासून लांब धरला, तर त्यांचं काहीच ऐकू येईना. म्हणून कानाला घट्ट लावला.

"घाट लागना का भाऊ?" ते अगदी हळू विचारत होते.