शोमरोन्याचे पाच मार्क

सकाळी घरी बुद्धवंदना म्हणायची आणि दहाच्या तासाला भिवंडीच्या मिशनच्या प्राथमिक शाळेत चौथीला येशूचे दाखले शिकवायचे, असं माझं दोन वर्षं चाललं होतं. आधीच्या ख्रिस्ती बाई लग्न होऊन गेल्या, तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही घ्या तो तास. देव सगळ्यांचाच." देव सगळ्यांचा, नोकरी मात्र हंगामी! जूनमध्ये मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सिस्टरांच्या हातात. अडला हरी! शिकवला येशू.

वर्गात ख्रिस्ती पोरं तीन. बाकी कोन गावची, वडपे गावची, पॉवरलूमवाल्यांची. त्यांचा आवडता दाखला चांगल्या शोमरोन्याचा, कारण त्यात मारामारी होती. चोरांनी लुटलेला माणूस वाटेत पडलाय, देवळातला याजक बघून निघून जातो, आणि ज्याला कुणी जवळ करत नाही तो शोमरोनी त्याला उचलून नेतो. हा शोमरोनी कोण, ते समजायला मला गाइड उघडावं लागलं नाही.

सहामाहीला पाच मार्कांचा प्रश्न आला: रस्त्यात जखमी माणूस दिसला तर तू काय करशील? उत्तर सिस्टरांनीच ठरवून दिलेलं आणि मी घोकून घेतलेलं: 'मी प्रार्थना करीन व मोठ्यांना सांगेन.' अहो, शोमरोन्यानं एवढंच केलं असतं तर तो माणूस तिथंच मेला असता की!

वडप्याच्या एका मुलीनं लिहिलं, 'माज्या बाबाने हायवेला टेम्पो थांबवून मानूस दवाखान्यात नेला. पोलिसांनी बाबाला दिवसभर बसवला. आई बोलली, परत थांबू नको. बाबा बोलला, थांबनार. मी पन थांबनार.'

वाचून माझे डोळे भरले. मग मी लाल पेनानं शून्य दिलं, कारण सिस्टर माझे पेपर पुन्हा तपासायच्या. तिचा पहिला नंबर गेला. तो गेला गोदामवाल्याच्या मुलाकडे. त्यानं प्रार्थना अगदी काना-मात्रेसकट केली होती.

"बाई, माझं काय चुकलं?" तिनं विचारलं.

खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "अक्षर सुधार."

सिस्टरांच्या राज्यात येशू बदलत नाही, तसा पेपरही नाही. वार्षिकला तोच प्रश्न आला. तिचं अक्षर बघून मी चाटच पडले! सहा महिने पोरगी दुरेघी वही गिरवत होती. मोत्यासारख्या अक्षरात तिनं तेच उत्तर लिहिलं होतं, एक शब्द न बदलता. मी पुन्हा शून्य दिलं.

निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक छातीशी धरून ती माझ्यापाशी आली. "अजून न्हाय सुधारलं का, बाई?"

"थोडं राहिलंय," मी म्हणाले.

जूनमध्ये मला कायम केलं. मी सगळ्यांना पेढे वाटले. सिस्टरांनी दोन घेतले आणि दाखल्यांचा तास यापुढे माझाच, असं सांगितलं.