दार नसलेला राउटर

सोनईशेजारच्या आमच्या गावात घरांना दारं नाहीत. चौकट असते, पडदा असतो. राखण देव करतो, त्यामुळं कुलूप विकत घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढं जन्मभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी एलईडीच्या पट्ट्यांचा नाद लागला.

लोखंडी सळया वाकवून त्यावर पट्ट्या बसवल्या आणि बैलजोडी केली. पट्ट्या एकामागून एक पेटल्या की बैल पळताना दिसतात. हुकूम मोबाईलवरनं द्यायचा. तळहाताएवढा राउटर तो बैलांपर्यंत पोचवतो. त्यात इंटरनेट नाही. पॉवर बँकेवर चालतो, कुठंही न्या.

सेटिंग सून करते. ती म्हणाली, "मामा, पासवर्ड टाकते."

"कशाला? आपल्या घराला दार तरी हाय का?"

"घर गावात हाय. बैल सोनईच्या जत्रंत चाललेत."

"माझ्या वस्तूला कुलूप लागणार न्हाई."

तिनं राउटर बिनपासवर्डाचाच ठेवला.

जत्रा कमिटीची अट होती. पहिल्या संध्याकाळी बैल नीट पळाले तर देवळासमोरची जागा माझी. नाहीतर श्रीरामपूरच्या डेकोरेटरची. त्याचा टेम्पो बाजूलाच उभा होता.

मी बटण दाबलं. बैल थोडे पळाले आणि पाय उचललेले तसेच थांबले. राउटर माझा मोबाईल पुन्हा जोडून घेईना.

सून म्हणाली, "फुकटचं वायफाय म्हणून समदी जत्रा आत घुसलीय, मामा. आपल्यालाच जागा न्हाई."

मी माईक घेतला. "मंडळी, ह्या वायफायला नेट न्हाई. सोडा ते."

गर्दीतनं कोणीतरी ओरडलं, "आजोबा, मग बैल काय पेंडीवर पळतात?"

लोक हसले. ज्यांना वायफायचा पत्ता नव्हता त्यांनीही मोबाईल बाहेर काढले. डेकोरेटर टेम्पोची ताडपत्री सोडायला लागला.

सून माझ्याकडं बघत होती. मला न विचारता तिला पासवर्ड टाकता आला असता. तिनं टाकला नाही.

"टाक," मी म्हणालो.

तिनं राउटर बंद करून चालू केला, गर्दीच्या आधी आत शिरली आणि पासवर्ड टाकला. बैल पळाले. जत्रा उठेपर्यंत देवळासमोर पळत होते.

घरी आल्यावर चौकटीतून बैल आत घेतले.

"आता काढ तो पासवर्ड."

"पुढल्या साली परत टाकायचाच हाय की, मामा."

"तवा टाकू. घरात न्हाई."

तिनं काढला.